इतर खर्च

पेट्रोल एकतीस डॉलर.
तिकीट बारा, म्हाताऱ्यांना दोन कमी, म्हणजे दहा.
पार्किंग पाच, तेही गोठलेल्या चिखलाच्या चाकोऱ्यांवर.
घेवड्याचं तिखट सूप आणि पाव, साडेआठ;
सूप गरम होतं, एवढंच म्हणेन.
लॉरीन वही पुढे ओढते. पेन्सिल कानामागे.
"आणि आणलंस काय?"

खरं सांगायचं तर दरवर्षी हेच.
नेब्रास्कातला फेब्रुवारी, एकशे चाळीस मैल,
जत्रेच्या मैदानावरची पत्र्याची शेड, जिथे उन्हाळ्यात
डुकरांना बक्षिसं देतात आणि वास मुक्कामाला ठेवतात.
तीच टेबलं. तोच व्हर्जिल,
तुटक्या वाघिणींचं तेच खोकं,
कुठलीही घ्या, दोन डॉलर;
घरबसल्या मागवली तर दीड डॉलरात दारात.
हे त्यालाही माहीत. तो खोकं नुसतं माझ्याकडे सरकवतो,
मी चाळतो,
आम्ही गुडघ्यांविषयी बोलतो.

गेल्या तीन वर्षांत कामाची अशी
एकच वस्तू आणली, सिग्नलचा खांब.
वाकडा.

यंदा मात्र मागच्या दाराशी, हीटर पोचत नाही तिथे,
एक नवीन मुलगी होती, टेसा कुबिचेक,
हातमोज्यांची बोटं कापलेली,
आणि तिच्यासमोर बारा फुटांत
आमचं हॅस्केट.

हॅस्केट आता नाही.
म्हणजे पाटी आहे, आणि धान्याच्या कोठाराचा पाया,
ज्यावर कुणीतरी ट्रॅक्टर उभा करतं.
स्टेशन पाडलं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा.
आणि इथे ते होतं, काडेपेटीएवढं,
पिवळं, तपकिरी कडांचं,
तारमास्तरची पुढे आलेली खिडकी,
फलाटावर दुधाचे कॅन, तांदळाच्या दाण्याएवढे.

मी पाहत राहिलो आणि काहीतरी टोचत राहिलं,
उजव्या पायात डावा बूट घातल्यासारखं.
मग कळलं.
पाण्याची टाकी पश्चिमेला. कोठार पूर्वेला.
ओमाहाची गाडी भलत्याच टोकाकडून शिरते.
सगळं गाव बरोबर, सगळं गाव उलटं.

"फोटोवरून केलंस?"
"एकच मिळाला. लिलावात घेतलेल्या डब्यात."
कुणीतरी कधीतरी
काच पालथी धरून छापलेला.
तीन वर्षं लागली, म्हणाली ती;
छपराची एकेक पट्टी ब्लेडनं कापलेली.
मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.
लॉरीन म्हणते, तुझ्या पोटात तीळ भिजत नाही.
नाहीच भिजला.

ती गप्प.
गाडीनं एक फेरा घेतला. दुसरा.
मग हत्यारांच्या पेटीतून तिनं
पुलाखालचे सांधे बघायचा छोटा गोल आरसा काढला,
दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा,
फलाटाच्या टोकाशी धरला आणि म्हणाली, "वाका."

वाकलो. गुडघे बोलले.
नाण्याएवढ्या काचेत
टाकी पूर्वेला,
कोठार पश्चिमेला,
आणि नऊ-चाळीसची, नेहमीसारखी उशिरा,
ओमाहाकडून.

किती वेळ, ते माहीत नाही.
मागे कुणी खोकलं. एका पोरानं आईला विचारलं
की यांचं काय हरवलंय.

"काही नाही आणलं," मी लॉरीनला सांगतो.
ती 'इतर' या सदरात साडेचोपन्न लिहिते.
"म्हणजे वाया."
"बहुतेक."
तरी आरशाचं सांगायला लागतो, आणि डाव्या-उजव्यातच अडकतो;
टेबलावर मीठ मांडतो, मिरपूड मांडतो,
ही टाकी, हे कोठार, हा सुरीचा रूळ.
ती चमचा उचलते, त्यात बघते.
"यात तूच दिसतोस," म्हणते, "डोकं खाली, पाय वर."

वही मिटते. पेन्सिल परत कानामागे.
"पुढच्या वर्षी बर्फ कमी असला, तर येईन मी."

फेब्रुवारीत इथे बर्फ कमी नसतो.
हे तिलाही माहीत.