चौकोन क्रमांक दोनशे सात

बडोद्याचे मी चारशे चौकोन केलेत,
किलोमीटर गुणिले किलोमीटर.
सुरसागर दोघांत वाटला गेला.
विश्वामित्री कुठल्याच रेषेला जुमानत नाही,
मगरींसकट वळत जाते.

प्रत्येक धुराड्याला एक ओळ:
उंची, व्यास, वायूचं तापमान,
दिवसाला किती टन कोळसा, किती फर्नेस ऑइल.
फॉर्म भरून देणारे हिशेबनीस
सगळं पूर्णांकात लिहितात,
जणू भट्टीला अपूर्णांक ठाऊकच नाही.

वारा मी विमानतळावरून मागवते,
तासाला एक दिशा, एक वेग.
यंत्र रात्रभर घुमतं,
आणि पहाटे नकाशावर उमटतो
वांग्याच्या सालीच्या रंगाचा एक डाग.

दोनशे सातमध्ये मात्र जमत नाही.
तिथल्या शाळेच्या गच्चीवरचं उपकरण
रात्री दोननंतर
माझ्या उत्तराच्या तिप्पट सांगतं.
उपकरण तपासलं. वारा तपासला.
नळीतलं पारव्याचं पीसही काढलं.

अण्णा एकतीस वर्षं बॉयलरवर होते.
जेवताना सहज विचारलं,
दोनला काय होतं हो?
त्यांनी कढी-भात कालवला.
‘दोनला साहेब झोपतात.
कोळसा वहीत जळतो,
भट्टीत चिंध्या, रंगाच्या पिंपांतला गाळ, टायरं.
आम्ही धूर बघत नसू, हुंगायचो.
गोडसर आला की समजायचं,
आज रबर.’
‘आणि तुम्ही?’
‘मी फावडं मारायचो.’

मग बराच वेळ नुसता कढीचा भुरका.

चिंध्यांना गुणांक नाही.
कोणत्या कापडाच्या, कसल्या तेलात भिजलेल्या,
एकाही तक्त्यात सापडत नाही.
तरी एक ओळ घातली:
इंधन, इतर. वेळ, दोन ते पाच.
प्रमाण,
अण्णांनी दोन्ही हात पसरून दाखवलं तेवढं,
गुणिले चाळीस.
(पंचेचाळीस म्हणाले होते आधी.)

यंत्र पुन्हा घुमलं.
डाग सरकत सरकत
शाळेवर येऊन बसला.
उपकरणाशी जुळला, जवळजवळ.
इतका आनंद झाला मला
की थोड्या वेळाने लाज वाटली.

अहवालात स्रोत द्यावा लागतो.
‘व्यक्तिगत संवाद’ लिहिलं. नाव नाही.

छापील नकाशा अण्णांपुढे धरला.
‘आपलं घर कुठंय?’
दोनशे आठमध्ये, म्हटलं. रेषेच्या अलीकडे.
‘आणि ही रेष कुणाची?’
माझी.
त्यांनी चष्मा पुसला,
नखानं ती रेष
जरा खरवडून पाहिली.