अनुभवाचा दाखला

पोरीचा फोन आला तेव्हा
काट्यावर चौदावं पोतं होतं.
"अप्पा, एक पत्र पाहिजे.
मी आधी कुठं काम केलंय, त्याचं."

तिकडं ग्लासगोत सत्तेचाळीस अर्ज गेलेत.
उत्तरं आली नऊ,
नऊही आभाराची.
आता एका अन्नपेढीत शनिवारचं काम मिळतंय,
डबे मोजायचे, खोकी लावायची.
पगार?
"नाही. पण अनुभव धरतात."

अनुभव धरतात.
हळकुंड मोडून आतला रंग बघावा
तसं ते मी दोनदा मोडून बघितलं.

आडतीचं लेटरहेड मागितलं.
शेठ म्हणाले, इथं तिला पगार कधी दिलावता आपण?
म्हटलं, तिकडं तरी कुठं देणारेत.
हसले. कागद दोन दिले,
एक चुकायला.

लिहून देतो की,
कुमारी प्रणोती भूपाल मगदूम
पाचवीपासून दर मे महिन्यात
सांगलीच्या मार्केट यार्डात
माझ्या शेजारी पोत्यावर बसून
वजनं उतरून घेत असे.
अक्षर वाईट. बेरीज चोख.
एकदा तासगावकडच्या एका बाईच्या मालात
माझ्या हातून दोन किलो कमी लागले,
ते हिनं भर सौद्यात मोठ्यानं सांगितलं.
(हे लिहावं का? लिहिलं.)

तसेच,
हरिपुरात एक जुनं पेव उघडलं तेव्हा
आत आधी कंदील सोडायचा असतो,
माणूस नंतर.
दोर हिच्या हातात होता.
ज्योत बारीक झाली.
हमाल म्हणाले, चालतंय की, उतरतो.
अकरा वर्षांची पोर
पेवाच्या तोंडावर आडवी बसली,
उठली नाही.
त्या दिवशी कोणीच उतरलं नाही.
मजुरी बुडाली म्हणून दोघं चिडले,
त्यातला एक अजून
"पोरगी कशी हाय?" विचारतो.

या कामाला तिकडं काय म्हणतात, माहीत नाही.
रकाना असल्यास भरून घ्यावे.

सही केली. शेठनी शिक्का मारला, जरा वाकडा.
फोटो काढून पाठवला.
रात्री फोन. थोडा वेळ काहीच बोलली नाही.
मग म्हणाली, हे इंग्रजीत कसं करू, अप्पा?
ते तुझं तू बघ, म्हटलं.

तिथं काटा कसला आहे?
"डिजिटल."
असू दे.
शनिवारी गेलीस की
माल ठेवायच्या आधी
एकदा रिकामा बघून घे.