आज सोप्यावर बसला

पत्रिकेत दहा वाजता निघायचे होते.
निघालो पावणेअकराला,
कारण ढोलवाले बोरीच्या पुलावर अडकले
आणि हार आणायला गेलेला गुरुदास
फोंड्याहून झेंडू संपला म्हणून फुगे घेऊन आला.

खुशाली गावड्याचा फोटो कुठेच नाही.
फ्लेक्सवर आहे तो त्याच्या धाकट्या मुलाचा चेहरा,
मिशा पांढऱ्या करून म्हातारा केलेला.
पिसोली दरवर्षी म्हणते, नाक चुकलेय.
दरवर्षी तेच नाक छापून येते.

परिचय मी वाचते. नऊ वर्षे मीच.
"कुळांचे कैवारी, मुंडकारांचे आधारस्तंभ..."
पुढचे दुर्भाटच्या पोरांनाही पाठ आहे.

न वाचलेले असे :
भाटकाराची वही माझ्या आजोबांच्या अक्षरात आहे.
खुशाली. भात चार खंडी, बाकी कुडव नऊ.
कोंबडा एक, चवथीआधी.
बांधावर राबणूक, दिवस एकवीस.
मजुरीच्या रकान्यात
आजोबांनी रेघ मारलीय,
पट्टी धरून, सरळ.

आणि एका पानाच्या समासात, तारखेशिवाय :
आज सोप्यावर बसला.

तीन रात्री तो मानशीत उभा होता,
दार मोडलेले, भरती चढत होती,
खाऱ्या पाण्याने पाय फुगून आलेले.
सांगायला आला तर भाटकार न्हाणीत.
अंगणात थांब म्हणाले.
तो वर चढला आणि बसला.
"उभ्याने सांगितले तरी पाणी तेवढेच आत येणार," म्हणाला.
दुसऱ्या दिवशी अकरा जण बसले.
तिसऱ्या दिवशी त्याच्या खोपीची झापे काढून नेली.
झापे नेणाऱ्यांची नावेही वहीत आहेत. ती मी कोणाला सांगितलेली नाहीत.

म्हणून दरवर्षी आम्ही जाऊन बसतो.
भाषण नाही, घोषणा नाही. पाच मिनिटे, सोप्यावर.

घर आता हॉटेल झालेय.
या वर्षी पायरीला पितळी साखळी,
पाटी : फक्त पाहुण्यांसाठी.
सरपंच गुरगावला फोन लावत राहिले.
साखळीपाशी लखींदर, सुंदरगढचा,
निळा शर्ट, कोणा जाड्याच्या मापाचा.
ऑर्डर नाही, म्हणाला. दोनदा म्हणाला.

पिसोलीने त्याच्या बुटांकडे पाहिले.
"कितें रे, कधीपासून उभा?"
"रात्री आठपासून."
"खुर्ची?"
"देत नाहीत. झोप लागते म्हणतात."

मग शहाऐंशी वर्षांची ती बाई
साखळीखालून वाकून गेली,
कापडाचा काष्टा सावरत,
आणि बसली. शेजारी हात आपटला.
"बस रे पुता."
त्याने आधी वरच्या कॅमेऱ्याकडे पाहिले,
मग आमच्याकडे, मग फुग्यांकडे.
बसला तो अगदी कडेला,
एसटीत अर्ध्या तिकिटाचे मूल बसते तसा.

मग सगळेच. सरपंचही, फोन कानाला लावूनच.
ढोलवाला ढोल मांडीवर घेऊन.
पाच मिनिटे म्हणता सतरा झाली.
खाली खाजनात कोरगूट पिवळे पडलेले,
बगळे, आणि मानशीच्या दारावर पाणी
बाहेरून डोके आपटत होते.

मी उभीच. हातात परिचय.
नऊ वर्षांत मी कधी बसले नव्हते,
वाचणाऱ्याने उभे राहावे अशी रीत, असे मला वाटायचे.
जागा उरलीच नव्हती.
पिसोली न बघता थोडी सरकली.

सोमवारी लखींदर दिसला नाही.
त्याच्या जागी दुसरा पोरगा,
तोच शर्ट, याला आखूड.
तोही उभा.

गुरुदासने फाटकाबाहेर एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली.
रस्ता पंचायतीचा, खुर्ची पंचायतीची,
पाठीवर लाल रंगात आकडा : ८४.
कोणी काही बोलले नाही.
काल जाताना पाहिले,
खुर्चीत रात्रीच्या पावसाचे पाणी साचले होते.
आज पुसलेली होती.