नमुना सही

बँकेत बत्तीस वर्षं मी सह्या जुळवल्या.
डाव्या हाताला चेक, उजव्या हाताला नमुन्याचं कार्ड,
मधे माझा श्वास.
वेलांटी किंचित ढळली तरी चेक परत.
एकदा सख्ख्या सासऱ्यांचाही केला होता;
त्यांना कंपवात झालाय
हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं, त्या सहीतून.

निवृत्त झाल्यावर इथले लोक
सराफ्यात रात्री रबडी खात उभे राहतात.
मी चंद्रभागा डोंगरदिवे यांची पत्रं गोळा केली.

कोण चंद्रभागा, असं इंदुरातही विचारतात.
कापड मिलच्या चहाघरात काही जणांचे कप
बाहेर खिळ्यांना टांगलेले असायचे,
तसलेच पांढरे, फक्त बाहेर.
सत्तावन्न साली बाईंनी ते सगळे उतरवले,
आत नेऊन बाकीच्यांत मिसळले
आणि म्हणाल्या, आता ओळखा.

सहीची पत्रं नऊ.
पहिलं सियागंजच्या रद्दीत,
हळदीची पुडी बांधली जायच्या बेतात.
दुसऱ्यासाठी देवासला तीन खेपा.
एक अर्धंच : ‘भोंगा झाल्यावर या, आणि येताना’
येताना काय, ते उंदरांना माहीत.
सही तेवढी शाबूत.

दिल्लीचे एक व्यापारी आहेत, सावनसुखा.
सहीच्या पत्राला चाळीस हजार म्हणतात,
बिनसहीच्याला चहापाण्यापुरते.
तुम्ही बँकेतले, म्हणाले, एवढा दाखला द्या लिहून :
सह्या अस्सल.

म्हणून नऊच्या नऊ टेबलावर मांडली,
तारखेनं लावली. भिंग घेतलं.
पहिल्या तिन्हींतला ‘च’ पोटभर जेवलेला.
चौथ्यापासून तो बारीक, उपाशी.
सहाव्यात नावावरची रेघ
उजवीकडून डावीकडे ओढलेली.
आठव्यात शाईचा दाबच निराळा.
चार हात. एक नाव.
काउंटरवर असतो तर लाल शिक्का मारला असता.

क्लर्क कॉलनीपासून परदेशीपुरा असा कितीसा लांब,
पण मला चार दिवस लागले.
सगुणाबाई अवसरमोल, वय सत्त्याऐंशी,
पूर्वी बॉबिन खात्यात.
लसूण सोलत होत्या. पत्रं पाहून हसल्या,
आधी डोळ्यांनी, मग खोकल्यासकट.

“अठ्ठावन्नच्या लाठीत तिचं मनगट गेलं ना हो.
हाडं जुळली, बोटं नाही.
ती सांगायची, जो जवळ असेल तो लिहायचा.
ही माझी.
ही रंगखात्यातल्या मुनव्वरची, मराठी येतच नव्हतं त्याला,
चित्र काढावं तशी सही काढायचा.
आणि ही…”
पत्र नाकापाशी नेलं.
“ही कुणाची ते नाही सांगायची.
नंतर तो मॅनेजरच्या बाजूला गेला.
पण सही चांगली केलीय मेल्यानं.”

मग विजेच्या बिलाच्या पाठीवर,
लसणाच्या बोटांनी, मी न मागता :
चंद्रभागा डोंगरदिवे.
‘च’ बारीक, उपाशी.
जुळली.

चहा आला. दोन कप,
एकाच्या काठाचा टवका उडालेला.
तो त्यांनी स्वतःपुढे ओढला, मी माझ्यापुढे घेतला,
आणि क्षणभर वाटलं, आपणही काही केलं.
त्या म्हणाल्या, “ओठ कापेल.”
कापला.

सावनसुखांना अजून काही कळवलेलं नाही.
माझ्या वहीत ‘सही कोणाची’ असा रकाना आहे,
तिथे पेन्सिल टेकवतो आणि उचलतो.
बिल मात्र मागून आणलं, दहावं म्हणून.
पुढच्या बाजूला दोनशे बारा रुपये,
मुदत अठरा तारीख.
म्हणजे आता ते भरणं आलं.