तळाशीलला मुस्कादे

लवूने बाटली आणली ती तीन बनियनींत गुंडाळून.
वर साबणाचा वास.
मी ती बर्फाच्या पेटीत ठेवली, बांगड्यांच्या शेजारी,
आमच्याकडे थंड म्हणजे तेवढंच.

सतरा वर्षं हा जहाजांवर रांधतो.
शेवटची दोन फ्रेंच कंपनीच्या बोटीवर,
ल्वार नदी समुद्राला मिळते त्या बाजूला.
"आपली गड नदी मिळता तशीच," म्हणाला,
"फक्त माड नाय. आणि पाण्याक दात."

द्राक्षाचं नाव मेलन, म्हणजे खरबूज.
का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.
आमच्या वाडीत एका म्हशीचं नाव हरणी आहे,
तेव्हा मी पुढे विचारलं नाही.

रस आंबला तरी ते लगेच गाळत नाहीत.
हिवाळाभर त्याच्याच गाळावर बसू देतात,
मग वरच्यावर काढून घेतात, तळ न ढवळता.
हे मात्र मला सांगावं लागलं नाही.
ओहोटीला खाडीत पोटरीभर चिखलात उभी राहते मी,
पाऊल उचलायचं ते सावकाश,
पाणी गढूळ झालं की खडकावरचं कालव दिसत नाही.

पहिला घोट.
आंबट, पण कोकमाचा नव्हे, चिंचेचा तर नव्हेच.
कोवळ्या करवंदाचा, चीक पुसून घेतलेल्या.
आणि मागून मीठ.
मीठ कोणी घातलं? "वाऱ्याचा असात," लवू म्हणाला.
त्याच्यावर माझा विश्वास नाही,
पण मीठ होतं.

"थय कालवां कच्चीच खातत. लिंबू पिळून. जिती."
मी म्हटलं, आमच्याकडे मांजरही खात नाही तशी.

मग आम्ही बसलो एकेक लावून बघत.
तिरफळ घातलेली बांगड्याची कढी:
एका घासात वाईन मेली.
नुसतं पाणी उरलं, आणि जीभ झिणझिणत राहिली.
सोलकढी: दोन सवती एका चुलीपुढे.
तिसऱ्यांचं सुकं, खोबरं भाजून:
बरं, पण खोबरंच बोलत राहिलं.
लवू म्हणाला तिथे लोण्याचा पांढरा रस करतात,
कांदा बारीक, थोडा व्हिनेगर, नदीच्या माशावर ओततात.
मी खोबऱ्याचं पहिलं दूध काढलं,
हळद नाही, मिरची नाही, फक्त मीठ,
त्यात बोय सोडली.
आता घोट घे, म्हटलं.
तो काही बोलला नाही. ताट पुढे ओढलं फक्त.

मुडदुशे रव्यात तळले. तेही जमले.
आणि शेवटी कालवं,
शिंपीसकट निखाऱ्यावर, तोंड उघडेपर्यंत,
आतल्या त्यांच्याच पाण्यात.
कच्ची नाही खाल्ली मी. इतकीच पुढे गेले.
पण ते पाणी आणि हा घोट
शेजारच्या गावचे निघाले.

उशिरा, बाटली अर्धी झाल्यावर, त्याने सांगितलं.
बंदराच्या कट्ट्यावर एक म्हातारी, झेर्मेन,
पहाटेपासून कालवं उघडून विकते.
गिऱ्हाइकाला ग्लासभर हीच वाईन देते, स्वतःही घेते.
"तिची बोटां बघलंय आणि..."
तिथे थांबला.
मी माझी बोटं पदराखाली घेतली,
मग वाटलं, कशाला, आणि परत बाहेर काढली.
अंगठ्याजवळ आडवे चरे, मीठ मुरून पांढरे झालेले.
बावीस वर्षांचे.
बाटली तिनेच दिली होती. पैसे घेतले नाहीत.

परवा लवू परत बोटीवर चालला.
तिला काय सांगू, म्हणाला.

सांग, मुडदुशाबरोबर चलता. कढीबरोबर नाय.
सांग, बाटली धुवून ठेवलंय, खोबरेल भरूक.
आणि विचार,
कोयती कसली वापरता ती,
आणि मूठ कसल्या लाकडाची.
माझी दर पावसात सुटते.