मनगट नाही

परभणीच्या स्टेडियममागं
मुरमाचं एकच कोर्ट, जाळीला दोन ठिगळं.
मुजीब सर म्हणतात,
"पोळपाटानं माशी मारायलात मॅडम.
रॅकेट वर जाऊ द्या धारेनं, कुऱ्हाडीसारखी,
अन् अगदी शेवटाला
तळहात बाहेर."

धार जाते. तळहात जात नाही.
चेंडू जाळीत, बाभळीत,
एकदा आयटीआयच्या पत्र्यावर.
मी मनगट मुरडते, ते ठणकतं.
सर डोळे मिटतात: "मनगट नाही.
कोपराखालचा अख्खा हात फिरतो,
मनगट नुसतं सोबत जातं."

बँकेत काउंटरच्या फटीतून
पासबुक देताना फिरवून बघते.
कॅशियर मोरताळे विचारतो,
"काय झालं, लकवा?"

मे महिना. टँकर आला,
कोर्टाच्या वाट्याला दोन बादल्या.
लिंबाजीनं डालड्याचं डबडं भरलं,
मागून वर नेलं, थेंब न सांडता,
आणि टोकाला हात उलटला:
अंगठा खाली, तळहात रस्त्याकडं.
पाणी फाकलं पार बेसलाइनपर्यंत.

"लिंबाजी, परत."
"पाणी पुरायचं नाही, मॅडम."
"परत."

दुसरी बादली मी संपवली.
दोनदा पाणी फाकलं,
बाकी सगळं माझ्या बुटांवर.

सकाळी एका चेंडूचा, एकाच,
आवाज वेगळा आला.
सर पाठमोरे, फोनवर.
लिंबाजी चुन्याची रेघ ओढत होता.
मान वर न करता म्हणाला,
"हां."