पाठमोरी

मार्चअखेर नदीवरचा बर्फ तडकतो
आणि विली ओस्टरहाउट, आमची कोच,
बोटघराचं शटर खांद्याने वर लोटते.
उजव्या. डावा ऑलिंपिकनंतर दोनदा शिवलाय.

तेव्हाचं जाकीट अजून आहे.
पाठीवरच्या देशाच्या नावातली तीनच अक्षरं उरलीत.
सरकत्या बैठकांचे रूळ ती त्याने पुसते.
ग्रीसला याच्यासारखं कापड नाही, म्हणते.

एरवी पाठ दाखवली की माणूस पळाला म्हणतात.
इथे जिंकायचं तेच पाठमोरं.
ज्या बोटी दिसतात त्या मागे पडलेल्या,
भीती न दिसणाऱ्यांची.
पुढचं दिसतं ते एकटीला, मला,
सुकाणूवालीला: वजन सत्तेचाळीस किलो, घसा भोंग्याचा.

पहिल्या वर्षी आम्ही एकमेकींना पाण्यात पाहायचो.
तिने समजावलं वगैरे काही नाही.
आठवडाभर आठजणींना डोळे बांधून वल्हवायला लावलं,
धुक्यात.
मग एका पहाटे आठ वल्ह्यांचा एकच आवाज आला,
कुणी दार लावून घ्यावं तसा.
ती मोटरबोटीत सँडविच खात होती.
म्हणाली, "हं."

अंतिम फेरीचं एकदाच बोलली,
रात्री व्हॅन चालवताना, युटिकाच्या अलीकडे,
मागे ट्रेलरवर बोट.
"सहा बोटी. मला दोन दिसत होत्या.
आणखी एक नुसती ऐकू येत होती.
आमची सुकाणूवाली ओरडत होती, तिसऱ्या आहोत, तिसऱ्या!
होतो चौथ्या.
मोजायचं सुचलंच नाही बघ.
तिला वाटलं, खोट्याने हात चालतील.
चालले की.
पण ते शेवटचे वीस हात मी अजून मारतेय,
खरं कळलं असतं तर कसे मारले असते, म्हणून."
पाऊस केव्हाच थांबला होता. वायपर चालूच होते.

मे महिन्यात आमची शर्यत.
पाचशे मीटर उरले तेव्हा मी मान वर केली.
चार बोटी पुढे.
ओठांवर आलेलं गिळलं.
"पाचव्या!" ओरडले. "पाचव्या आहोत!"
समोर पेट्रा नोवोसाद, तळहात सोललेले.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
की मी तिच्या घरातलं काही फोडलंय.
मग ओढलं.

पाचव्याच आलो.

धक्क्यावर विली गुडघे टेकून
बोटीची कड धरून होती.
कुणाशी बोलली नाही.
त्या जाकिटाने माझी बैठक पुसली,
कोरडी होती तरी.